सोप्यातील भिंत

नाताळापूर्वी घराला रंग द्यावा, भिंती आणि कोनाडे स्वच्छ करावेत, ही आमच्या घरातील फार जुनी रीत. गेल्या वर्षी हे काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले. शाळेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला वर्षही झाले नव्हते. हाताशी वेळ होता. आणि आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकविली असल्यामुळे घर कसे शोभिवंत करावे हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळते, असा एक गोड समजही मनात ठाण मांडून बसला होता. तो समज कसा उतरला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोगनोळीतील आमचे घर वडिलांच्या वेळचे. हमरस्ता तेथून फार दूर नाही. रात्री सामसूम झाली, म्हणजे टोलनाक्याकडे जाणाऱ्या मालमोटारींची घरघर माजघरापर्यंत ऐकू येते. घराला जुन्या पद्धतीचा लांबट सोपा आहे. त्या सोप्यातील दाराजवळची मोठी भिंत ही आमची प्रार्थनेची जागा. वडील असताना त्या भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस, त्याखाली दिवा ठेवण्यापुरती फळी, आणि बाजूला प्रभूच्या अंतिम भोजनाची एक तसबीर, एवढेच होते. ती तसबीर वडिलांनी वांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेतून आणली होती. त्यानंतरच्या वर्षांत भिंत हळूहळू भरत गेली. गेल्या नाताळात मी ती पुरती भरून टाकली. येशूचे पवित्र हृदय, पवित्र मरियामाता, संत अंतोनी, संत फ्रान्सिस झेवियर, दोन दिनदर्शिका, एक घड्याळ, नातवंडांची प्रशस्तिपत्रके, कागदी फुलांच्या माळा, आणि या सर्वांभोवती लाल, निळ्या, हिरव्या दिव्यांची उघडमीट करणारी विजेची माळ! भिंतीच्या ऐन मध्यभागी, क्रुसाच्या शेजारी, माझ्या थोरल्या भावाची सोनेरी चौकटीतील मोठी तसबीर लावली. दादाच्या साठाव्या वाढदिवसाला ती पुण्यात काढली होती. घराच्या छपराची दुरुस्ती दादाच्याच पैशांतून झाली होती. त्याचा मान राखावा, हा हेतू.

काम आटोपल्यावर मी दूर उभा राहून भिंतीकडे पाहिले आणि मनाशी म्हणालो, ‘वाहवा!’

संध्याकाळी आई जपमाळ घेऊन सोप्यात आली. आईचे वय चौऱ्याऐंशी. एका डोळ्याची दृष्टी काचबिंदूने नेली. दुसऱ्या डोळ्याने जे ठळक असेल तेवढेच दिसते. ती नेहमीच्या जागी उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

“आरं, देव कुठं दडवलास?”

मी हसलो. “आई, अगं, समोरच तर आहे!”

“समोर लई कायबाय हाय. त्यात देव कुठला?”

मी तिचा हात धरून क्रुसावर ठेवला. तिने क्रुसाची खूण केली. पण ती प्रार्थनेला बसली नाही. दाराच्या चौकटीजवळ जाऊन, कमरेएवढ्या उंचीवर, ती भिंतीवरून बोटे फिरवू लागली. नव्या रंगाचा ओलसर गुळगुळीतपणा तिच्या बोटांना लागला असावा. ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आणि आक्का?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो, दादा सातवीत, आणि आक्का सोळा वर्षांची. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजगाराला जाऊ लागली आणि आक्का निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत. पहाटे निघावे, दिवसभर तंबाखू निवडावी, आणि तिन्हीसांजेला तोंडाला पदर लावून खोकत परत यावे. तिच्या लुगड्याला येणारा तो उग्र वास आम्हां दोघां भावांच्या शाळेच्या फीचा वास होता, हे कळण्याइतके शहाणपण त्या वयात आम्हांला नव्हते. तिने लग्न केले नाही. तिला जाऊन आता अकरा वर्षे झाली. तिचा म्हणावा असा एकच फोटो घरात होता, बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, आगपेटीपेक्षा लहान. आईने तो दाराजवळच्या एका जुन्या चौकटीच्या कोपऱ्यात खोचून ठेवला होता, आणि रोजची रोझरी संपली की ती त्याला बोट लावून मगच उठत असे. हे मी अकरा वर्षे पाहत होतो. तरीही रंगकामाच्या वेळी ती जुनी चौकट ‘शोभत नाही’ म्हणून मीच काढली, आणि आक्काचा फोटो पत्र्याच्या ट्रंकेत टाकला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सोप्यात जाऊन बसलो. विजेची माळ बंद केली. अंधुक प्रकाशात ती भिंत पाहताना माझ्या ध्यानात आले की, जे दोन नियम मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, तेच माझ्या घरात मी मोडले होते. पहिला नियम तोलाचा; दुसरा प्राधान्याचा.

वाचकहो, हे शब्द जड वाटतील, पण त्यांतील अर्थ प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. बैलगाडीत माल भरताना ओझे मागे जास्त झाले, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाले, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. माल तोच, गाडी तीच. परंतु तो कोठे ठेवला यावर सगळे अवलंबून. चित्रातही वस्तूंना असेच वजन असते. मात्र ते हाताला नव्हे, डोळ्याला जाणवते. मोठी आकृती लहानीपेक्षा जड. गडद रंग फिक्यापेक्षा जड. तांबडा रंग निळ्यापेक्षा अधिक ओढ घेणारा. गर्दीतील वस्तूपेक्षा एकटी वस्तू जड. आणि मध्यापासून जितके दूर जावे, तितके त्या वस्तूचे वजन वाढते. ही सर्व वजने अशी मांडावीत की, पाहणाऱ्याच्या डोळ्याला कोणत्याही एका बाजूला कलल्यासारखे वाटू नये. याचे नाव तोल.

तोल तीन प्रकारांनी साधतो. पहिला सारख्याला सारखे ठेवून, म्हणजे वेदीच्या दोन्ही बाजूंना एकेक मेणबत्ती असते तसा. दुसरा एका मध्यबिंदूभोवती, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी जे किरणांकित सुवर्णपात्र वेदीवर ठेवतात, त्याची रचना याच जातीची. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर; त्याविषयी पुढे सांगेन.

प्राधान्य म्हणजे काय? चित्रात पुष्कळ गोष्टी असल्या, तरी त्यांतील एकच मुख्य असते, आणि बाकीच्या तिच्या सेवेला असतात. पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथे जावी, इतरत्र फिरून पुन्हा तेथेच विसावावी. चित्रकार हे आकाराने साधील, रंगाने साधील, प्रकाशाने साधील, किंवा त्या वस्तूभोवती मोकळी जागा सोडून साधील. मात्र एक गोष्ट कोणालाच साधत नाही, आणि ती म्हणजे सगळ्यांनाच मुख्य करणे. वर्गात सर्व मुले एकदम बोलू लागली, तर एकाचेही ऐकू येत नाही. माझ्या भिंतीवरील सर्व वस्तू एकदम बोलत होत्या, आणि त्यांत सर्वांत मोठा आवाज होता दादाच्या सोनेरी चौकटीचा.

त्या रात्री मी वडिलांची ती अंतिम भोजनाची तसबीर खाली उतरवून मांडीवर घेतली. ही तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. मूळ चित्र इटलीतील मिलान शहरात, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. लिओनार्दो दा विंची यांनी ते सुमारे १४९५ ते १४९८ या काळात रंगविले. त्याची रुंदी सुमारे २९ फूट आणि उंची सुमारे १५ फूट. ओल्या गिलाव्यावर रंगविण्याची रूढ रीत सोडून त्यांनी कोरड्या भिंतीवर काम केल्यामुळे त्यांच्या हयातीतच रंग सुटू लागले. ऑगस्ट १९४३ मध्ये बाँबवर्षावात त्या भोजनगृहाचा मोठा भाग कोसळला. परंतु वाळूच्या पोत्यांनी जपलेली ती भिंत उभी राहिली. पुढे १९७८ ते १९९९ अशी तब्बल २१ वर्षे त्याच्या जीर्णोद्धाराचे काम चालले.

‘तुमच्यापैकी एकजण माझा घात करील,’ असे प्रभूने सांगितल्यानंतरचा तो क्षण आहे. मेजाभोवती खळबळ माजली आहे. कोणी उठला आहे, कोणी हात पसरले आहेत, कोणी शेजाऱ्याच्या कानाला लागला आहे. तरीही चित्र विस्कटत नाही, ते का? बारा प्रेषित तिघातिघांच्या चार गटांत बसविले आहेत. दोन गट डावीकडे, दोन उजवीकडे. हा झाला तोल. आणि मध्यभागी प्रभू एकटा आहे. त्याच्या अंगाला कोणी टेकलेले नाही. योहान बाजूला झुकल्यामुळे दोघांमध्ये एक रिकामी जागा उघडली आहे. छताच्या तुळया आणि बाजूच्या भिंती यांच्या सर्व रेषा प्रभूच्या मस्तकापाशी येऊन मिळतात. त्या रेषा आखण्यासाठी ठोकलेल्या खिळ्याची खूण प्रभूच्या उजव्या कानशिलाजवळ सापडली आहे. त्याच्या मस्तकामागे तेजोवलय नाही. मागची उघडी खिडकी आणि तिच्यातील आकाश हेच तेजोवलय झाले आहे. यहुदालाही चित्रकाराने वेगळा काढून बसविलेला नाही. तो पेत्र आणि योहान यांच्याबरोबरच आहे. फक्त त्याचा चेहरा सावलीत आहे.

पन्नास वर्षे ही तसबीर मी पाहत होतो. मुलांनाही समजावून सांगत होतो. पण स्वतःच्या भिंतीवर मात्र प्रभूच्या अंगाला खेटून मी दादाला बसविले, आणि जिला जवळ बसवायचे तिला ट्रंकेत कोंडले.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर आमच्या फादरांना मी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले की, हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या घराचा नाही. ख्रिस्तसभेनेही त्यावर विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा आपला पहिला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात देवमंदिरातील मूर्ती व चित्रे यांची परंपरा टिकवून धरण्यास सांगितले आहे. परंतु त्यांची संख्या माफक असावी आणि मांडणीत योग्य क्रम असावा, नाहीतर भाविकांचे मन गोंधळून जाईल, अशा अर्थाची सूचनाही केली आहे. वेदीच्या सजावटीविषयीही नियम आहेत. फुले माफक असावीत आणि ती वेदीवर नव्हे, तर वेदीभोवती मांडावीत. आगमनकाळात सजावट संयमाची असावी, म्हणजे नाताळचा आनंद आधीच उधळला जाणार नाही. उपवासकाळात तर वेदीला फुलेच नसावीत. त्या काळातील चौथा रविवार आणि मोठे सण एवढाच त्याला अपवाद. “रिकामी वेदी पाहिल्याशिवाय,” फादर म्हणाले, “पुनरुत्थानाच्या रात्रीची फुले डोळ्यांत भरत नाहीत.”

घरी येऊन मी भिंतीवरचे सगळे उतरविले. मोजले तेव्हा एकोणीस वस्तू निघाल्या. संतांची चित्रे माजघरात नेली. तेथे त्यांना स्वतंत्र, मानाची जागा मिळाली. दिनदर्शिका आणि घड्याळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. भिंतीच्या मध्यावर वडिलांचा लाकडी क्रूस एकटा लावला. नवी भिंत पांढरी, क्रूस काळसर शिसवी. दिव्याच्या फळीवर एकच दिवा. अंतिम भोजनाची तसबीर उजवीकडे, पूर्वीच्या जागी.

मग आक्काच्या फोटोचा प्रश्न आला. माझा पहिला विचार असा की, तो मोठा करून घ्यावा आणि दुसऱ्या बाजूला तसबिरीच्या मापाचा लावावा. निपाणीच्या एका छायाचित्रकाराला मी तो दाखविला. तो म्हणाला, “गुरुजी, मोठा केला तर चेहरा पुसट होईल. डोळेसुद्धा नीट दिसणार नाहीत.” आगपेटीपेक्षा लहान त्या कागदाच्या तुकड्याला हाताएवढ्या तसबिरीसमोर कसे उभे करावे? भिंत उजवीकडे कलणार, हे उघड होते.

आणि येथे मला तोलाचा तो तिसरा प्रकार आठवला. त्याचे उत्तम उदाहरण रोम शहरात आहे. सान लुईजी देई फ्रांचेसी या मंदिरात काराव्हाज्जो यांनी १५९९–१६०० मध्ये रंगविलेले ‘संत मत्तयाला पाचारण’ हे चित्र आहे. डावीकडे जकातीच्या मेजाभोवती पाच माणसे, त्यांची भरजरी वस्त्रे, त्यांच्यापुढे पैसे. उजवीकडे प्रभू आणि पेत्र, दोघेच. तेही साध्या वेषात. आणि पेत्र पुढे असल्यामुळे प्रभूचा बहुतेक देह झाकला गेला आहे. दिसतो तो त्याचा अर्धा उजळलेला चेहरा आणि पुढे केलेला एक हात. एका बाजूला एवढे मोठे मेज आणि दुसऱ्या बाजूला एक हात. तरी चित्र कलत नाही. त्या हातामागे रिकाम्या भिंतीचा अंधार आहे आणि त्याच्या वरून येणारा प्रकाशाचा तिरपा झोत मत्तयाकडे जात आहे. ती रिकामी जागाच त्या हाताला वजन देते.

एवढ्या दूर रोमला तरी कशाला जावे? आक्का ज्या वखारीत जात असे, तेथे तंबाखूचे बोद तोलण्याचा एक लोखंडी काटा मी लहानपणी पाहिला आहे. त्याच्या आखूड बाजूला तो अजस्र बोद लटकवीत, आणि दुसऱ्या बाजूच्या लांब दांडीवर एक मुठीएवढे वजन पुढे पुढे सरकवीत. ते लहानसे वजन मध्यापासून पुरेसे दूर गेले, की बोद अलगद जमिनीवरून उचलला जाई आणि दांडी आडवी स्थिर होई. मी चकित होऊन आक्काला विचारले होते, “एवढंसं वजन एवढ्या ओझ्याला कसं पुरतं गं?” ती म्हणाली होती, “लांब ऱ्हातंय म्हणून पुरतंय.”

मी एक मोठा पांढरा जाड कागद घेतला. त्याच्या मध्यभागी आक्काचा तो लहान फोटो, आहे तेवढाच, चिकटविला. चहूबाजूंनी वीतभर कोरी जागा सोडली आणि बारीक काळ्या पट्टीची चौकट केली. ती चौकट क्रुसापासून दूर, डावीकडे, दाराजवळ लावली. आईचा हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीवर. दूर उभा राहून पाहिले. भिंत स्थिर होती. उजवीकडे तेरा माणसांचे ते भोजन, डावीकडे एक एकटी बाई, आणि मध्ये क्रूस.

येथे आणखी एका चित्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. एक तरुणी दिवा घेऊन उभी आहे आणि वारा लागू नये म्हणून तिने ज्योतीपुढे हात धरला आहे. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या उभी राहिली होती. त्या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहत आणि २०१८ साली, शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. म्हणजे चित्रकार कोकणचा, चित्रातील कन्या कोल्हापूरची, आणि चित्र कर्नाटकात! आम्हां सीमेवरच्या लोकांना ही गोष्ट विशेष आवडते. त्या चित्रात ज्योत आपल्याला दिसतच नाही म्हटले तरी चालेल. दिसतात ती प्रकाशाने तांबूस झालेली बोटे आणि उजळलेला चेहरा. बाकी सारा अंधार. चित्रकाराने उजेड रंगविण्यासाठी अंधार खर्च केला आहे. दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवावा, असे प्रभूने सांगितले आहे. माझ्या विजेच्या माळेने उलटेच केले होते. इतके दिवे पेटविले की क्रूसच त्यांच्याखाली झाकून गेला.

असो. आता या गोष्टीचा अवघड भाग. नाताळच्या दिवशी दादा सहकुटुंब आला. सोप्यात पाऊल टाकताच त्याने भिंतीकडे पाहिले. आपली तसबीर तेथे नाही, हे त्याच्या ध्यानात आले. जेवताना तो काही बोलला नाही. नंतर अंगणात मला म्हणाला,

“घराला छप्पर माझं चालतं. भिंतीवर मी चालत नाही, होय?”

त्याला तोलाचे आणि प्राधान्याचे नियम सांगण्यात काय अर्थ होता? माणूस दुखावलेला असताना नियम बोलून दाखविणे म्हणजे जखमेवर मीठ. मी एवढेच म्हणालो, “दादा, तुझी तसबीर आत आईच्या खाटेसमोर आहे. पण संध्याकाळी रोझरीला बस, मग काय ते बोल.”

संध्याकाळी आई आली. कोणाचा हात न धरता ती भिंतीसमोर उभी राहिली. पांढऱ्या भिंतीवरचा तो काळा क्रूस तिच्या एका डोळ्याला दिसला. तिने खूण केली आणि ती बसली. रोझरी झाली. उठताना तिने डावीकडे हात नेला. तिची बोटे प्रथम चौकटीला लागली, मग काचेवरून सरकत मध्यावर आली आणि तेथे क्षणभर थांबली. एवढे झाल्यावर ती आत निघून गेली.

दादा जागचा हलला नाही. बऱ्याच वेळाने चौकटीजवळ गेला. चष्मा काढून, वाकून, तो त्या लहानशा चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हा एवढाच फोटो?”

“एवढाच. बँकेच्या पासबुकाचा.”

“पासबुक आहे?”

“ट्रंकेत आहे.”

“शेवटी किती शिल्लक होती तिची?”

“चारशे बारा रुपये.”

त्यावर तो काही बोलला नाही. दादाचा राग त्या दिवशी पार निवळला, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी निघतानाही त्याच्या बोलण्यात तुटकपणा होता. मात्र आपली तसबीर पुन्हा सोप्यात लाव, असे तो त्यानंतर कधी म्हणाला नाही. आता पुण्याहून फोन आला म्हणजे तो आईला विचारतो, “आज आक्काला हात लावलास का?”

वाचकहो, या अनुभवातून मी जे शिकलो, ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो. नाताळची गव्हाणी मांडताना, सणाच्या दिवशी वेदी सजविताना, किंवा घरातील प्रार्थनेची जागा लावताना प्रथम स्वतःला विचारावे, येथे मुख्य कोण? गव्हाणीत मुख्य बाळ येशू आहे. कागदाचा डोंगर, कारंजे किंवा आगगाडी नव्हे. सर्वांत चांगला उजेड त्याच्यावर पडावा. त्याच्याभोवती थोडी जागा मोकळी असावी. मरिया, योसेफ, मेंढपाळ यांची तोंडे त्याच्याकडे वळलेली असावीत, कारण मूर्ती जिकडे पाहतात तिकडेच पाहणाराही पाहतो. दोन्ही बाजूंना सारखेच ठेवले पाहिजे असे नाही. एका बाजूला तीन राजे असले, तर दुसऱ्या बाजूला दूर उभा केलेला एकच मेंढपाळ त्यांना पुरतो. आणि सर्व मांडून झाल्यावर दूर जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. तसे पाहिले म्हणजे बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातात आणि जे ठळक तेवढेच उरते. त्या वेळी बाळ येशू दिसला, तर मांडणी बरोबर. दिसला नाही, तर एकेक वस्तू काढीत जावे, तो दिसेपर्यंत.

ही किलकिल्या डोळ्यांची परीक्षा मी पस्तीस वर्षे मुलांना शिकविली. माझ्या आईला ती शिकावी लागली नाही. तिला जग रोजच तसे दिसते. म्हणून माझ्या भिंतीची परीक्षा तिने एका प्रश्नात घेतली.

तो प्रश्न केवळ भिंतीपुरता नाही, असे आता मला वाटते. आपल्या दिवसाचीही एक मांडणी असते. घराचे कर्ज, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्ये, ऊस आणि तंबाखूचे भाव, हातातील मोबाईल, सगळे आपापल्या जागी आवश्यकच. त्यांतील काहीही वाईट नाही, जशी माझ्या भिंतीवरील एकही वस्तू वाईट नव्हती. परंतु सगळे एकदम मध्यभागी आले, म्हणजे मध्य कोठे आहे तेच कळेनासे होते. आणि ज्यांनी आपल्यासाठी मुकाट्याने ओझे उचलले, ती माणसे कोपऱ्यातून ट्रंकेत जातात. रात्री झोपण्यापूर्वी क्षणभर डोळे किलकिले करून आपल्या दिवसाकडे पाहावे आणि आईचा तो प्रश्न स्वतःला विचारावा: देव कुठे दडविला?

प्रभू आपल्या घरांतील भिंती आणि आपली मने मोकळी ठेवण्याचे धैर्य आपणांस देवो. आमेन.